घर आपल्याला वळण लावते

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरचा कोणी नामांकित वक्ता बोलवावा असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा तो मोडून घरच्याच माणसाला उभे केले आहे. त्याचे कारण चिटणीसबाई सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगते. ज्या बाई यायच्या होत्या त्यांचा आयत्या वेळी नकार आला, आणि "तुम्ही एवढी वर्षे घरांचे नकाशे काढलेत, तेच काहीतरी बोला," असे मला फर्मान सुटले. मी तीस वर्षे एका आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. मी बाई असले तरी पदाचे नाव तेच होते. तेव्हा हे व्याख्यान म्हणून न ऐकता, चहाच्या वेळी आपण बोलत बसतो तसे ऐकावे, एवढीच विनंती.

आपल्यात एक बोलणे नेहमी चालते, की चाळीतली माणसे जिव्हाळ्याची आणि ब्लॉकमधली माणसे तुसडी. चाळीतून आलेली प्रत्येक बाई हे सांगते, मीही पूर्वी सांगत असे. पण नकाशे काढता काढता मला हे पटेनासे झाले. कारण माणसे तर तीच असतात! माझेच पाहा. गिरगावात आमच्या मजल्यावर चौदा बिऱ्हाडे होती. आमची खोली मधली, नळ गॅलरीच्या एका टोकाला आणि संडास दुसऱ्या टोकाला. पाण्याला जा की सात दारांवरून जाणे आले, परत येताना पुन्हा तीच सात दारे. कोणाकडे भाजी काय शिजते, कोणाच्या मुलाला ताप आहे, कोणाची नणंद रुसून बसली आहे, हे विचारावे लागत नसे, दिसतच असे. पुढे १९७८ साली लग्न होऊन मी या कॉलनीत आले. तीन मजली इमारत, एका जिन्यावर समोरासमोर दोन ब्लॉक. दार लावले की आपण आणि आपल्या भिंती. आमच्या डोक्यावर राहणाऱ्या बाईंचे नाव मला आठ महिने ठाऊक नव्हते. आता गिरगावची प्रेमळ मुलगी आठ महिन्यांत तुसडी झाली, असे का म्हणायचे? स्वभाव पालटला नव्हता. नळ घरात आला होता.

याचा कोणी शास्त्रोक्त विचार केला आहे का, असे मला फार दिवस वाटे. मग कळले की अमेरिकेत तो केला गेला आहे, आणि तोही आपल्यापैकी पुष्कळजणींच्या जन्मापूर्वी. दुसऱ्या महायुद्धानंतर एम.आय.टी. या प्रसिद्ध विद्यालयाने संसारी विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली. युद्धावरून परतलेले तरुण, त्यांच्या बायका, तान्ही मुले, सगळे एकाच वेळी राहायला आलेले, कोणी कोणाला ओळखत नव्हते. घर निवडण्याची सोय नव्हती, जे मिळेल ते घ्यायचे. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघांनी तेथल्या कुटुंबांना विचारले, तुमचे जाणेयेणे सर्वांत अधिक कोणाकडे? त्यांचे पुस्तक १९५० साली निघाले. दुमजली इमारतीत मजल्यावर पाच दारे होती. लगतच्या दारांच्या बाबतीत जेवढ्या मैत्र्या जुळणे शक्य होते त्यांपैकी शंभरात ४१ जुळल्या होत्या. मजल्याच्या दोन टोकांच्या बाबतीत शंभरात अवघ्या १०. अंतर म्हणाल तर चार दारांचे! आणि गंमत अशी, की तळमजल्यावर ज्यांचे दार जिन्याच्या पायथ्याशी होते त्यांची वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा अधिक ओळख. त्याच वसाहतीत काही बैठी घरे मधल्या अंगणाकडे तोंड करून होती आणि काही रस्त्याकडे. रस्त्याकडे दार असलेल्यांना मित्र कमी. ते लोक काही माणूसघाणे नव्हते. नकाशा काढणाऱ्याने दार कुठे ठेवले, एवढाच काय तो फरक.

आमची गॅलरीदेखील कोणी मैत्रीसाठी बांधली नव्हती. चौदा खोल्यांना एक जिना पुरवायचा तर समोरून एक लांब वाट काढावी लागते आणि ती स्वस्तात पडते. मालकाने पैसे वाचवले, आणि आम्हाला पापड वाळवायला, अभ्यास करायला, भांडायला आणि गणपतीची आरास बघायला जागा मिळाली. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. चाळींना मधले अंगण आणि भोवती गॅलऱ्या नसत्या तर या उत्सवाला मुंबईत एवढे मोठे घर कुठले मिळाले असते, असा प्रश्न माझ्या मनात येतो. वाट मालकाने बांधली, तिचे अंगण लोकांनी केले.

पण भगिनींनो, चाळीचे गोडवे गाण्यासाठी मी उभी नाही. चाळीवर नाटके लिहिणाऱ्यांना ते काम करू द्या. आपण बायका आहोत, आपल्याला तिची दुसरी बाजू ठाऊक आहे. रात्री पोट दुखले तर डबा घेऊन अंधारात टोकापर्यंत जायचे. नव्या लग्नाच्या जोडप्याला पडद्याआड झोपायचे. सासूने सुनेला बोललेला शब्द चौदा घरांत जायचा आणि सून काय बोलली तेही जायचे. गॅलरीतून जाणाऱ्या मुलीवर चौदा कठड्यांचे डोळे असत. त्याला प्रेम म्हणा नाहीतर पहारा म्हणा, वास्तू एकच होती. मोठ्या बहिणीचे शिक्षण कोणत्या शेजाऱ्याच्या एका वाक्याने थांबले, ते मी विसरलेले नाही.

आणि प्रकृतीचे काय? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीच्या वस्तीत तो ओळखला. त्या वेळी समज असा, की रोग कोंदट हवेतून आणि अंधारातून येतो. उंदीर आणि पिसू यांचा संबंध नीट कळायला अजून अवकाश होता. तेव्हा १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करून दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा आत यावा म्हणून. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच झाले. रोगाचे कारण चुकीचे धरले होते, तरी उजेड-वाऱ्याचा आग्रह काही वाया गेला नाही. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या त्याच ट्रस्टच्या. मात्र जेवढी घरे पाडली तेवढी लगेच बांधली नाहीत, आणि उठवलेले गरीब लोक शेजारच्या चाळींत दाटीने शिरले. म्हणजे एका गल्लीची हवा मोकळी झाली आणि दुसरीची कोंडली.

त्या काळी घरबांधणीत एक नियम आला होता. आमच्या कचेरीतले वृद्ध साहेब तो नव्या मुलांना पाठ म्हणायला लावीत. भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या घराच्या माथ्यापर्यंत रेघ मारली तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून उभी नसावी. सोप्या भाषेत, समोरच्या घराची जेवढी उंची, निदान तिच्या निम्मी मोकळी जागा मध्ये सोडा. आता याच्या शेजारी गोवंडीकडची हकीगत ठेवा. रस्ते आणि रेल्वेच्या कामांसाठी उठवलेल्या कुटुंबांना तेथे लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड अशा वसाहतींत पक्की घरे दिली. सात-आठ मजल्यांच्या इमारती, आणि पुष्कळ ठिकाणी दोन इमारतींत अंतर अवघे तीन मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तेथे केलेली पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. जेथे ऊन आणि वारा पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या बाईने दिवसा दिवा लावून स्वयंपाक करावा आणि मुलाच्या खोकल्याचे औषध आणावे, हा कसला पुनर्विकास? खिडकी कागदावर होती. ती कशाकडे उघडते, हे पाहायला कोणी गेले नाही.

खिडकीवरून आठवले. १९८४ साली रॉजर उलरिक या संशोधकाने अमेरिकेतल्या एका इस्पितळातील जुने कागद तपासले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रोगी, काहींच्या खाटेपासून झाडे दिसत, काहींना समोर विटांची भिंत. झाडे दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधे कमी लागली. आपल्या घरातले आजारी माणूस कोणत्या खोलीत निजवावे, एवढे तरी यातून घ्यावे.

आता स्वयंपाकघराकडे वळते, कारण तेथे आपले आयुष्य गेले.

माझी आई पाटावर बसून स्वयंपाक करी. पुढ्यात शेगडी, नंतर स्टोव्ह; उजव्या हाताला पाण्याचे तपेले, डाव्या हाताला मोरी. बसल्या जागी हात सगळीकडे पोचे, आणि सणावाराला शेजारच्या दोघी येऊन परातीभोवती बसत. पण ऊठबस किती! विळीवरून उठा, डबा काढा, पुन्हा बसा. पन्नाशीत तिचे गुडघे गेले. मग ओटा आला. आपण उभ्या राहिलो, आणि मला वाटते त्याबरोबर घरातले पुष्कळ काही उभे राहिले. जमिनीवरच्या स्वयंपाकघरात पुरुष जेवायला येई, काम करायला वाकत नसे. ओटा झाल्यावर आमच्या यजमानांनी पहिल्यांदा स्वतः चहा केला. सुधारणेची पुस्तके त्यांनी त्यापूर्वीही वाचली होती. पण चहाला ओट्याची वाट पाहावी लागली. हा माझ्या एका घराचा अनुभव आहे, त्याचा सिद्धान्त करू नये. पण आपापल्या घरी आठवून पाहा.

ओट्याची ही आधुनिक रीत पसरण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की, व्हिएन्नाच्या वास्तुशिल्पज्ञ. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी त्यांनी स्वयंपाकघराचा नमुना केला आणि तो सुमारे दहा हजार घरांत बसला. सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब. बाईची पावले वाचावीत म्हणून घड्याळ लावून कामे मोजली, आगगाडीतल्या भोजनडब्याच्या स्वयंपाकघरावरून जागा आखली. हेतू किती चांगला! बाईचा वेळ वाचेल, ती वाचील, बाहेर पडेल. पण ती जागा एकाच माणसापुरती होती. मुलगी शेजारी बसून वाटाणे सोलू शकत नाही, नवरा आला तर दोघांचे कोपर लागतात. बाईची पावले वाचली आणि ती एकटी पडली, अशी टीका पुढे झाली. स्वतः बाईंनी उतारवयात मोकळेपणाने सांगितले, की तो नमुना करण्यापूर्वी त्यांनी कधी घर चालवले नव्हते, की स्वयंपाक केला नव्हता! त्या १०२ वर्षे जगल्या, २००० साली वारल्या. मला त्यांच्याविषयी राग मुळीच नाही. मीही शेकडो स्वयंपाकघरे रेघांनी आखली आणि एकदाही कोणा गृहिणीला विचारले नाही, की बाई, तुमची उंची किती? सर्वांना सरसकट चौतीस इंचांचा ओटा. उभ्याने काम करायचे तर ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा, आणि कणीक मळायला त्याहूनही खाली. पाच फुटांच्या बाईला चौतीस इंचांवर पोळ्या लाटताना खांदे उचलावेच लागतात. माझे उजवे खांद्याचे दुखणे मीच काढलेल्या रेघेचे आहे, असे मी डॉक्टरांना सांगते, तेव्हा ते हसतात.

शेवटी माझ्या आईची गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

गिरगावची चाळ पडली आणि २०१४ साली आई भाऊ-वहिनींबरोबर त्याच जागेवरच्या नव्या इमारतीत, सतराव्या मजल्यावर राहायला गेली. तेव्हा तिला एक्याऐंशी वर्षे झाली होती. पहिल्या दिवशी तिने न्हाणीघराच्या फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता रात्रीचा डबा नको हो." तिला झालेला आनंद मी पाहिला आहे, म्हणून 'चाळच बरी होती' असे कोणी म्हटले की मला राग येतो. पण दोन महिन्यांत आई दुपारची झोपू लागली, जी कधी झोपत नसे. मग वार विसरू लागली. चाळीत वार कळायला कॅलेंडर लागत नसे. गुरुवारी समोरच्या आजी दत्ताला जायच्या, सोमवारी कोणाच्या घरी साबुदाणा भिजायचा. वहिनीने काही कमी केले नाही, डॉक्टरांना काही सापडले नाही. एक दिवस आईने स्टूल उचलले आणि लिफ्टसमोर जाऊन मटार सोलत बसली. आठवड्याने सोसायटीची चिठ्ठी आली, की मार्गिकेत वस्तू ठेवू नयेत, आगीच्या वेळी अडचण होते. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. आग लागली तर वाट मोकळी हवीच.

मग वहिनीने, माझ्या नव्हे, तिच्या डोक्यातून निघालेली युक्ती, बाहेरच्या दाराला जाळीचे दार बसवून घेतले, आतले उघडे ठेवले आणि आईची खुर्ची टीव्हीकडे होती ती फिरवून दाराकडे केली. लिफ्टमधून येणाराजाणारा तिला दिसू लागला, तीही त्यांना दिसू लागली. पंधरा दिवसांत समोरची शाळकरी मुलगी आजींकडून वेणी घालून घेऊ लागली, आणि वरच्या मजल्यावरच्या एक गुजराती आजी दुपारी खाली येऊ लागल्या. आई त्यानंतर चार वर्षे होती. वारांचा घोळ पूर्ण गेला नाही, पण दुपारची झोप गेली.

हे सर्व आज आपल्यापुढे मांडण्याचे कारण आपणां सर्वांना माहीत आहे. आपल्याही इमारती पडणार आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात. त्या बातमीने माझेही डोळे भरले. तसा दिवस आपल्याकडेही येवो. पण आपल्या कॉलनीचा जो नकाशा सोसायटीच्या सूचनाफलकावर लागला आहे तो मी जुन्या सवयीने भिंग घेऊन पाहिला. घरे मोठी आहेत, लिफ्ट तीन आहेत. मजल्यावर आठ दारे, आणि मधली वाट बंदिस्त, तिला खिडकी नाही. तळमजला सगळा मोटारींचा. तेथे बसायला एक बाकही दाखवलेले नाही. काही स्वयंपाकघरांच्या खिडक्या इमारतीच्या आतल्या अरुंद चौकात उघडतात. कपडे वाळवायची जागा मला सापडली नाही. आणि आपल्या मंडळाची खोली, जी आज पहिल्या इमारतीच्या जिन्याशी आहे, ती सातव्या मजल्यावर व्यायामशाळेच्या मागे गेली आहे.

मंडळ निघाले कसे, हे संस्थापक बाई नेहमी सांगत. सकाळी दूध केंद्रावर बाटल्यांसाठी रांग असे, त्या रांगेत. मी सभासद झाले ती भाजी घेऊन वर जाताना जिन्याशी उघडे दार दिसले म्हणून. सातव्या मजल्यावर मुद्दाम बटण दाबून मी गेले असते का? लाजाळू होते, नसतेच गेले. पुढच्या सुना तरी कशा जातील?

सोसायटीच्या चिटणीसांशी मी बोलले आहे. महिनाअखेरपर्यंत लेखी सूचना घेऊ, असे त्यांनी कबूल केले आहे. नकाशाच्या मोठ्या प्रती मी काढून आणल्या आहेत. येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत त्या जमिनीवर अंथरू आणि प्रत्येकीने आपले घर त्यात शोधावे. चष्मे आणा, शिवणाची टेप आणा. आणि येण्यापूर्वी घरी ओट्याशी उभे राहून आपले कोपर जमिनीपासून किती इंचांवर येते तेवढे मोजून, कागदावर लिहून आणा.